बिडी सुटली तर पाय वाचतो

आमच्या नात्यातले एक चाचा शहापूर तालुक्यात राहतात. गाव नाशिक महामार्गापासून थोडं आत आहे. चाचा टेम्पो चालवायचे. भाजी, भाताचा पेंढा, कधी विटा, जे भाडं मिळेल ते घेऊन कल्याण-भिवंडीकडे जायचे. वय तेव्हा चव्वेचाळीस. साखर नाही, रक्तदाब नाही, अंगकाठी सडपातळ. आजारी पडलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिली तक्रार साधीच होती. बाजारात दोनशे पावलं चालले की डाव्या पोटरीत गोळा यायचा. मग ते कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे आणि एक बिडी पेटवायचे. बिडी संपेपर्यंत दुखणंही थांबायचं. त्यामुळे बिडीनेच पोटरी मोकळी होते, अशी त्यांची पक्की समजूत झाली. पाय मोकळा व्हायचा तो बसल्यामुळे. श्रेय मात्र बिडीला मिळत गेलं आणि दिवसाचा एक बंडल होता तिथे दोन झाले.

पुढच्या पावसाळ्यात पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. मुरबाड-शहापुरात भाताच्या आवणीत उतरणाऱ्या कुणाला चिखल्या होत नाहीत? पण चाचांच्या चिखल्या दिवाळी आली तरी भरल्या नाहीत. रात्री पाय इतका ठणकायचा की ते खाटेवर आडवे न होता पाय खाली सोडून बसून राहायचे. कुणी वात म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं. चाचींनी मिठाच्या पुरचुंडीने शेक दिला, त्याने कातडी भाजली आणि फोड आला. करंगळी आधी निळसर झाली, मग काळी पडली. तेव्हा कुठे शहापूरचा सरकारी दवाखाना आणि तिथून मुंबई असा प्रवास सुरू झाला.

मुंबईच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि पहिला प्रश्न विचारला, "चाचा, बिडी किती ओढता?"

"कधीतरी एखादी, साहेब."

मागे उभ्या चाची म्हणाल्या, "खोटं कशाला बोलता? दोन बंडल लागतात रोज."

पायाच्या रक्तवाहिन्यांच्या दवाखान्यात हा संवाद रोज घडत असेल. या लेखाचा विषयही तोच आहे: पाय वाचवण्यासाठी उपचार घेणारा माणूस आणि त्याची न सुटणारी बिडी.

आजार नेमका काय आहे?

हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या किंवा बंद पडल्या की पायाची उपासमार सुरू होते. बसून राहिलं तर पायाला थोडं रक्त पुरतं. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही आणि पोटरीत गोळा येतो. आजार वाढला की बसल्या जागीही पाय दुखतो, रात्री अधिक. खाटेखाली पाय लोंबता सोडला की रक्त वजनाने खाली उतरतं, म्हणून जरा आराम वाटतो. त्यापुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम, आणि शेवटची म्हणजे गँगरीन.

तंबाखूमुळे पायाचे असे दोन आजार मुख्यतः होतात. पहिला साधारणपणे पन्नाशी-साठीनंतरचा. यात नळीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचतो. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही त्याची कारणं. दुसरा तरुण माणसांचा, बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांचा. यात हातापायांच्या लहान व मध्यम नळ्यांना सूज येते आणि आत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या बंद पडतात. त्याला बर्गरचा आजार म्हणतात. ऑस्ट्रियाचे शल्यविशारद फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली होती. पुढे १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर यांनी कापलेले अकरा पाय तपासून या आजाराचं सविस्तर वर्णन केलं.

हा आजार तंबाखूशिवाय जवळजवळ दिसतच नाही. आपल्या देशात तो मुख्यतः बिडी ओढणाऱ्या गरीब, कष्टकरी पुरुषांमध्ये आढळतो. पण तंबाखू गरीब-श्रीमंत पाहत नाही. भारताचे शेवटचे ब्रिटिश सम्राट सहावे जॉर्ज हे सिगारेटचे मोठे शौकीन. पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडू लागल्याने मार्च १९४९ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर १९५१ मध्ये कर्करोगामुळे एक फुप्फुस काढावं लागलं आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते वारले. जगातले उत्तम डॉक्टर त्यांच्या दारात उभे होते.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही

"बिडीत काय, पानच तर असतं" असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो, हे खरं. पण टेंभुर्णीचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं आणि बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला वारंवार आणि जोरात झुरके मारावे लागतात. परिणामी बिडीच्या धुरातून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त प्रमाणात शरीरात जातात. रानातलं आपट्याचं पान आणून घरीच वळलेल्या बिडीलाही हेच लागू आहे.

निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. नळीचं आतलं नाजूक अस्तर खराब होतं आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. आधीच अर्ध्या बंद झालेल्या नळीवर प्रत्येक बिडी हे चारही घाव घालते.

शहापूर-मुरबाडकडे बिडी नुसती सवय नाही, ती कामाच्या दिवसाचा भाग आहे. शेतावर, वीटभट्टीवर, हमालीत "बिडी ओढू या" म्हणजे "जरा थांबू या". मजुराला विसाव्यासाठी दुसरं कारण कुणी देतच नाही. कसारा घाटात रात्री गाडी चालवणारा झोप उडवायला बिडी ओढतो, भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा जागं राहायला. कुणी भेटायला आलं की पानसुपारीसारखी बिडी पुढे केली जाते. म्हणून सोडणाऱ्याला केवळ तंबाखूशी झगडावं लागत नाही. दिवसातले विसाव्याचे क्षण आणि चार माणसांची सोबत, दोन्ही नव्याने लावावं लागतं.

उपचारानंतरची बिडी

पाय वाचवायच्या उपचारांत बरंच काही आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधं, नळीत फुगा घालून ती रुंद करणं, बंद भागाला वळसा घालणारी बायपास. बर्गरच्या आजारात मात्र बहुतेकदा गुडघ्याखालच्या बारीक नळ्याच बंद असतात, त्यामुळे बायपास जोडायला सहसा जागाच सापडत नाही. मग नळ्या आकसवणाऱ्या मज्जातंतूचा भाग कापणं किंवा काही औषधांनी वेदना कमी करणं, एवढंच हाती उरतं. या आजाराची वाढ थांबवणारा खात्रीचा उपाय एकच आहे, तंबाखू पूर्ण सोडणं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी बर्गरच्या आपल्या रुग्णांचा मागोवा घेतला होता. ज्यांनी तंबाखू सोडला त्यांच्यातल्या ९४ टक्के लोकांना कापाकापी टळली. जे ओढत राहिले त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांवर एक किंवा अधिक वेळा अवयव कापण्याची वेळ आली. वयस्कांच्या आजारातही तसंच. पायाची बायपास झाल्यावर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांची जोडलेली नळी बंद पडण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट असतो. म्हणजे लाखभर रुपयांची शस्त्रक्रिया एका बंडलाने वाया जाऊ शकते.

हे सगळं ऐकूनही बिडी का सुटत नाही? रुग्णांच्या सवयी पाहिल्या तर चार वाटा पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, लपवणं. दवाखान्यात आकडा निम्मा होतो, घरी शून्य होतो आणि संडासामागे धूर निघतो. डॉक्टरांना वाटतं रुग्णाने सोडली, तरी जखम का भरत नाही? मग औषधं बदलली जातात, खर्च वाढतो.

दुसरी, कमी करणं. "वीसवरून चारवर आलो" हे अभिमानाने सांगितलं जातं. माणसाचे कष्ट खरे असतात, पण बर्गरच्या आजाराला दिवसाच्या एक-दोन बिड्याही जिवंत राहायला पुरतात.

तिसरी, बदलणं. बिडी गेली आणि मशेरी, तंबाखू-चुना किंवा पुडी आली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के लोक धूर नसलेला तंबाखू वापरणारे आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखूची पुडी हाताशी असतेच. त्यामुळे बिडी सोडणाऱ्याला पर्याय घरातच सापडतो, कित्येकदा आईच्या किंवा बायकोच्या मशेरीच्या डबीत. निकोटिन तोंडातून गेलं तरी शेवटी रक्तातच जातं.

चौथी, परत सुरू करणं. दुखणं थांबलं, जखम भरली, माणूस कामावर गेला. मग एखाद्या लग्नात जुना सोबती म्हणतो, "एकाने काय होतंय?" आमच्या चाचांची करंगळी आणि शेजारचं बोट कापल्यावर त्यांनी चाळीस दिवस बिडीला हात लावला नाही. एकेचाळिसाव्या दिवशी मुरबाडला एका लग्नात एक ओढली. आठवड्याभरात बंडल खिशात होता. पुढच्या पावसाळ्यात अंगठा काळा पडला आणि मग अर्धं पाऊल गेलं.

मसला त्याच्यासाठी वेगळा आहे

तंबाखू आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या काळात, म्हणून जुन्या ग्रंथांत त्याचं नाव नाही. १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापूरहून तो अकबराच्या दरबारात नेला. बादशहाने झुरका घेऊन पाहिला, तेव्हा हकिमाने हरकत घेतली होती. जहांगीरने तर १६१७ मध्ये मनाईचं फर्मान काढलं. तेव्हापासून उलेमांमध्ये यावर चर्चा आहे. कुणी त्याला मकरूह म्हटलं, कुणी हराम. आधुनिक वैद्यकाने नुकसान सिद्ध केल्यावर हराम म्हणणाऱ्यांची संख्या वाढत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये धूम्रपानावरचे इस्लामी फतवे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. २००० मध्ये इजिप्तचे मुफ्ती नस्र फरीद वासिल यांनी ते हराम असल्याचा फतवा दिला.

सामान्य माणूस या मतभेदात आडोसा शोधतो. "मकरूहच तर आहे ना?" पण ज्याला जाणकार डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय की बिडी ओढलीस तर पाय जाईल, त्याच्यासाठी हा मतभेद कितीसा उरतो? इतरांसाठी नुकसान ही शक्यता असेल, त्याच्यासाठी ते डोळ्यांसमोर काळं पडत चाललेलं बोट आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटण्यापासून सूरह बकराच्या १९५ व्या आयतीत रोखलेलं आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू नये, हे हदीसमधलं तत्त्व मदरशातलं लहान मूलही जाणतं. शंका असेल त्याने डॉक्टरचा कागद घेऊन आपल्या आलिमांकडे जावं आणि आपल्या पायापुरता मसला विचारावा.

पैशाचा हिशेबही करावा. बिडी-काडीवर रोज तीस रुपये गेले तर वर्षाचे १०,९५० होतात. त्यात मुलीची वर्षाची वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास निघेल. इस्राफ म्हणजे फक्त लग्नातली रोषणाई नव्हे.

वजू करताना पायाकडे पाहा

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, तिचा वापर आपण करत नाही. पायाच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात की रोज पाय तपासा, बोटांच्या बेचक्यात पाहा. नमाजी माणूस दिवसातून पाच वेळा पाय धुतो, बोटांमध्ये खिलाल करतो. फक्त त्या वेळी नजर पायावर हवी. एक पाय दुसऱ्यापेक्षा थंड लागतो का? रंग फिकट, निळसर किंवा काळपट आहे का? अंगठ्यावरचे केस गळालेत का? चीर, फोड, चिखल्या दोन आठवड्यांत भरतायत की नाहीत? वजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

नमाजला मशिदीपर्यंत चालतानाही लक्ष ठेवा. पूर्वी न थांबता जायचात आणि आता वाटेत पोटरी धरून थांबावं लागत असेल, तर ते वय झालं म्हणून सोडून देऊ नका. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि पायाची नाडी तपासायला सांगा. हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून तुलना करण्याची सोपी, न दुखणारी तपासणी असते. घोट्याचा आकडा हाताच्या ०.९ पटीपेक्षा कमी आला तर नळीत अडथळा असल्याचं कळतं. पुढे डॉप्लर तपासणी होते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.

एक गोष्ट अजिबात करू नका. थंड पडलेल्या पायाला गरम वीट, मिठाची पुरचुंडी किंवा कढत पाण्याचा शेक देऊ नका. रक्त कमी असलेली कातडी लगेच भाजते आणि ती जखम भरत नाही. पायात मोजे घाला, शेतात अनवाणी उतरू नका.

रोजा ठेवता येतो, मग बिडीही सोडता येते

"माझ्याने होणारच नाही" म्हणणारा माणूस रमजानमध्ये सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास बिडीशिवाय राहतो. टेम्पो चालवतो, माल उतरवतो, उन्हात उभा राहतो. म्हणजे ताकद आहे. अडचण मगरिबच्या अजाननंतर येते. खजूर तोंडात आणि दुसरा हात खिशात. कित्येक जण तर दिवसभराची कसर इफ्तार ते सेहरी भरून काढतात.

रोजाच्या दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच उतरलेला असतो. निम्मी लढाई अल्लाहने सोपी करून दिलेली असते. तेव्हा रमजानची वाट पाहत असाल तर शाबानमध्येच तारीख ठरवा. आजार आधीच झाला असेल तर रमजानचीही वाट पाहू नका, आजचाच दिवस धरा.

बिडी सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वात कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटं टिकते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग चघळा, मिसवाक करा, उठून वजू करा. इफ्तारनंतर लगेच मशिदीत जा, तरावीहनंतर पानटपरीच्या वाटेने घरी येऊ नका. घरातली आणि गाडीतली काडेपेटीसुद्धा काढून टाका. सोबत्यांना आधीच सांगा की मला देऊ नका.

औषधांचीही मदत मिळते. मात्र निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी बर्गरच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यातही निकोटिनच असतं. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जातो. मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनी काय करावं?

चाचींनी सगळं करून पाहिलं होतं. भांडल्या, रडल्या, बंडल चुलीत टाकले, माहेरी जायची धमकी दिली. चाचा चोरून ओढू लागले, एवढाच फरक पडला. अर्धं पाऊल गेल्यावर दवाखान्यातल्या एका परिचारिकेने त्यांना सांगितलं, "रोज विचारू नका ओढली का म्हणून. रोज विचारा, आज किती दिवस झाले?" चाचींनी कॅलेंडर घेतलं आणि रोज ईशानंतर धाकट्या नातवाकडून त्यावर फुली मारून घ्यायला सुरुवात केली. एक गोष्ट त्यांनी स्वतःहून केली. स्वतःची मशेरी बंद केली. "तुम्ही बिडी सोडा आणि मी डबी उघडते, हे कसं चालेल?" चाचा सांगतात की बोटं गेली तेव्हा इतकी शरम वाटली नव्हती जितकी त्या दिवशी वाटली.

मध्ये एकदा ते घसरले. फुली न मारता नातवाला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. बहुतेकांची बिडी पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. घसरलेल्या माणसाला टोमणे मारले तर तो लपवायला शिकतो. पुन्हा उभं राहायला हात दिला तर तो खरं बोलतो, आणि खरं बोलणाऱ्या रुग्णावरच नीट उपचार होऊ शकतात.

आज त्याला तीन वर्षं झाली. चाचा टेम्पो चालवत नाहीत, गावातच किराणा दुकान घातलंय. दुकानात बिडी-काडी ठेवत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, "चाचा, बिडीशिवाय दुकान कसं चालणार?" ते बूट काढून अर्धं पाऊल दाखवतात आणि म्हणतात, "माझं चालतंय ना यावर, तसं दुकानही चालेल."

जमातीत खुर्चीवर बसून नमाज पढताना त्यांना पाहिलं की त्यांचा उजवा पाय शाबूत असल्याबद्दल शुक्र वाटतो. आपल्या घरात, मोहल्ल्यात, मशिदीच्या हौदावर पोटरी चोळत बसलेला कुणी दिसला तर त्याला विचारा, बिडी ओढतोस का? आणि त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात घेऊन जा. अल्लाह आपल्या सर्वांना आपापल्या पायांवर त्याच्या घराकडे चालत जाण्याची तौफीक देवो. आमीन.